फोटो अकराशे चाळीस, कामाचे नऊ: फुटबॉलच्या मैदानावर शिकणाऱ्या एका छायाचित्रकाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्व नागपुरातला एक फुटबॉल क्लब. वरिष्ठ संघ शहरातली लीग खेळतो. त्याखाली सतरा वर्षांखालील मुले आणि तेरा वर्षांखालील मुली असे दोन संघ. मैदानाला स्टँड नाही, फ्लडलाइट नाहीत. चुन्याने आखलेल्या रेषा, एका बाजूला दोरी आणि दोरीला लागून उभ्या केलेल्या मोटारसायकली. गोलपोस्टसमोरचे गवत दिवाळीपर्यंत कसेबसे टिकते, त्यानंतर तिथे नुसती धूळ.

क्लबला फोटो तीन कामांसाठी हवे होते. सामन्याच्या संध्याकाळी वर्तमानपत्रांकडे बातमीसोबत एक तरी फोटो जायला हवा, कारण क्रीडापानावरची बरीचशी जागा क्रिकेट खाऊन टाकते आणि फोटोशिवाय गेलेली लीगची बातमी चार ओळींत आटोपते. दुसरे, जर्सीचा खर्च उचलणाऱ्या दुकानदाराला छातीवरचे आपले नाव वाचता येईल असा फोटो हवा असतो. आणि पोट्ट्यांना स्वतःचा हवा असतो. तो तर आधी हवा असतो.

रेणुका (नाव बदलले आहे) बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. धाकटा भाऊ क्लबच्या सतरा वर्षांखालील संघात, म्हणून तिचे मैदानावर येणेजाणे होते. लग्नसराईत एका फोटोग्राफरची मदतनीस म्हणून तिने काम केले होते. म्हणजे कॅमेरा नवा नव्हता, खेळ नवा होता. तिच्याकडे कॅनन १५००डी, त्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि ५५-२५० मिमी एफ/४-५.६ ही दुसरी लेन्स होती. (मिमीचा आकडा मोठा तेवढे दूरचे जवळ दिसते; एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त आत येतो.) हा कॅमेरा सेकंदाला ३ फ्रेम घेतो. फोकसचे ९ पॉइंट आहेत, त्यांतला भरवशाचा म्हणावा असा मधला एकच.

अडचण

पहिला सामना नोव्हेंबरअखेरचा, किक-ऑफ पावणेचारला. रेणुका मध्यरेषेजवळ, पूर्वेकडच्या टचलाइनवर (मैदानाच्या लांबीच्या कडेला) क्लबच्या बाकाशेजारी उभी राहिली. ओळखीची माणसे तिथेच होती. घरी येऊन कार्ड उघडले तेव्हा १,१४० फोटो निघाले आणि प्रशिक्षक सरांनी त्यातून निवडले नऊ. त्या नवांपैकी चार तर सामन्याआधीच्या सरावाचे होते. क्लबने जिंकून देणारा गोल केला तो फोटोत होता, पण स्कोअरर पाठमोरा, अंगठ्याएवढा आणि मागे एक पाण्याचा टँकर.

सरांचे निदान तत्काळ होते: लेन्स लहान पडते, मोठी हवी. क्लबमधल्या दोघातिघांचेही तेच मत. रेणुकालाही ते पटत होते. पटण्यासारखेच होते, कारण टीव्हीवर गोलपोस्टमागे बसलेल्यांच्या हातात तोफेएवढ्या लेन्स दिसतात.

कारणांचा शोध

खरेदीचे ठरवण्याआधी एक कंटाळवाणे काम केले गेले, आणि या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी तास तोच. सगळे १,१४० फोटो चार ढिगांत टाकले. प्रत्येक फोटोसोबत शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडे राहिले), अ‍ॅपर्चर (लेन्स किती उघडली), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) आणि फोकल लांबी (लेन्सचे मिमी) यांची नोंद असतेच. ती समोर ठेवून.

पहिला ढीग, ४३०: हललेले. अ‍ॅपर्चर एफ/८ वर होते, कारण लग्नातल्या ग्रुप फोटोंची ती सवय. आयएसओ २०० वर अडकवलेला, कारण दाणे येऊ नयेत. हिवाळ्यातल्या चारच्या उन्हात या जोडीला शटर मिळते सुमारे १/३६०; सूर्य उतरला की १/६०. जोरात मारलेला बॉल सेकंदाला २० मीटर जातो असे धरले, तर १/२५० सेकंदात तो ८ सेंटीमीटर सरकतो. बॉलचा व्यासच सुमारे २२ सेंटीमीटर. म्हणजे तो फोटोत लिंबासारखा लांबुळका दिसणार. १/१००० ला तोच बॉल २ सेंटीमीटर सरकतो आणि गोल दिसतो.

दुसरा ढीग, २८०: खेळाडू धूसर, मागच्या मोटारसायकली सुस्पष्ट. फोकस ‘वन शॉट’वर होता आणि नऊच्या नऊ पॉइंट चालू. वन शॉटमध्ये बटण अर्धे दाबले की फोकस कुलूप लावून बसतो. खेळाडू पुढे निघून जातो, फोकस जागेवरच. नऊ पॉइंट चालू असले की कोणता वापरायचा ते कॅमेरा ठरवतो, आणि त्याला चकाकणाऱ्या हँडलबारचे फार आकर्षण.

तिसरा ढीग, ४२१: नीट. फोकस बरोबर, हललेले नाहीत, उजेड ठीक. आणि तरी कुणालाही दाखवावेसे न वाटणारे. पाठी, बॉलविना धावणारे पाय, दूरवरची गर्दी, पश्चिमेकडे तोंड करून घेतल्यामुळे काळवंडलेले चेहरे. चौथा ढीग, उरलेले नऊ.

मोठ्या लेन्सने यातला कोणता ढीग कमी झाला असता? पहिला थोडा. दुसरा नाही. तिसरा तर मुळीच नाही, उलट तेच पाठमोरे खेळाडू जरा मोठे दिसले असते. ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही, आणि दुकानदार ती सांगणार नाही.

तिसऱ्या ढिगाचे गणित सोपे आहे. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस २५० मिमी लेन्समधून या कॅमेऱ्याच्या आडव्या फ्रेममध्ये ३० मीटरवर पूर्ण उंची भरतो. ४० मीटरवर पाऊण. ६० मीटरवर अर्धा. १०० मीटरवर एक तृतीयांशाहून कमी. मध्यरेषेवर उभे राहिले की दोन्ही गोल ५० मीटर किंवा त्याहून लांब. शिवाय आक्रमण करणारा खेळाडू गोलकडे तोंड करून धावतो, तुमच्याकडे नाही. मध्यरेषा ही सामना बघायला उत्तम जागा आहे. फोटो काढायला ती जवळजवळ सर्वांत वाईट.

हे सगळे कळायच्या आधीच क्लबचे किट सांभाळणारे काका पहिल्या सामन्यात तिला ओरडून गेले होते: “तिकडे काय करून राहिली बेटा? गोल तर इकडे होऊन राहिले ना!” निदान त्यांचेच बरोबर निघाले.

समोरचे पर्याय

चार मार्ग होते. ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स जुनी विकत घेणे. तिची किंमत रेणुकाच्या सगळ्या सामानापेक्षा जास्त, आणि क्लबकडे तेवढे पैसे नव्हते. तीच लेन्स बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, दिवसाच्या भाड्याने आणणे. भाडे परवडणारे, पण अनामत मोठी, आणि शिकण्यासाठी दर रविवारी भाडे भरणे परवडत नाही. तिसरा, मोबाइलवर व्हिडिओ काढून त्यातून फ्रेम उचलणे. क्लबमधल्या एकाने हे सुचवले होते. भर दुपारी जवळच्या दृश्याला ते चालून जाते. पण ३० मीटरवरचा खेळाडू मोबाइलच्या झूममध्ये पिठासारखा विरघळतो आणि छापायला उपयोगी पडत नाही.

चौथा मार्ग, आहे त्याच सामानाने सेटिंग आणि जागा बदलणे. खर्च शून्य. अट एकच ठरली: दोन्ही गोष्टी एकाच सामन्यात बदलायच्या नाहीत. नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. आधी सेटिंग, पुढच्या रविवारी जागा, आणि भाड्याच्या लेन्सचा निर्णय त्यानंतर.

हा क्रम योग्य होता का? आमच्या मते शिकण्याच्या दृष्टीने होता, क्लबच्या दृष्टीने नव्हता. दुसऱ्या सामन्याचे फोटोही क्लबला हवेच होते आणि त्या दिवशी ती मुद्दाम चुकीच्या जागी उभी राहिली. सरांना हे आधी सांगितले असते तर त्या संध्याकाळची नाराजी टळली असती.

पहिला बदल: सेटिंग

पहिला हाफ संपूर्ण मॅन्युअल, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवायचे. शटर १/१०००, अ‍ॅपर्चर एफ/५.६ म्हणजे २५० मिमीला ही लेन्स जेवढी उघडते तेवढे, आणि आयएसओ सामन्याआधी सरावातल्या एखाद्या खेळाडूच्या उन्हातल्या चेहऱ्यावर दोनचार फोटो घेऊन ठरवायचा. चारच्या सुमारास तो २५० ते ४०० येतो. ऊन एकसारखे असेपर्यंत हा आकडा बदलायचा नाही. ऑटो ठेवले तर पांढऱ्या जर्सीचा संघ फ्रेममध्ये आला की कॅमेरा फोटो काळा करतो, मागे झाडांची काळी रांग आली की पांढरट करतो. चेहऱ्यावरचा उजेड मात्र तोच असतो.

दुसऱ्या हाफमध्ये उजेड मिनिटामिनिटाला पडतो, तिथे हे चालत नाही. तेव्हा शटर प्राधान्य (शटर आपण ठरवायचे, बाकीचे कॅमेऱ्याने), १/१०००, ऑटो आयएसओ आणि त्याला ६४०० ची कमाल मर्यादा. या कॅमेऱ्यात मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ लावला की एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) कमीजास्त करता येत नाही, शटर प्राधान्यात करता येते. म्हणून ही निवड.

फोकस ‘एआय सर्व्हो’वर, म्हणजे बटण दाबून धरेपर्यंत कॅमेरा खेळाडूचा पाठलाग करत राहतो. नऊपैकी फक्त मधला पॉइंट चालू, आणि तो छातीवर. चेहरा लहान आणि हलता असतो. छातीवर नंबर, पट्टे, दुकानदाराचे नाव असे काहीतरी असते, त्यावर फोकस पकड घेतो. शिवाय फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या, तारकेची खूण असलेल्या बटणावर दिले. कॅमेऱ्याच्या कस्टम फंक्शनमध्ये त्याची सोय आहे. अंगठा फोकस सांभाळतो, तर्जनी फक्त क्षण. पहिला सबंध हाफ अंगठा विसरत होता आणि त्यामुळे चांगले फोटो गेले. हे प्रत्येकाचे होते. घरी रस्त्यावरच्या स्कूटरवर दोनतीन संध्याकाळी सराव केला की हात बसतो.

रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल) बंद करून मोठ्या आकाराचे जेपेग (कॅमेऱ्यातच तयार होणारा, दाबलेला फोटो). इथे आमच्यातच मतभेद आहेत. रॉमध्ये नंतर उजेड सुधारता येतो हे खरे. पण या कॅमेऱ्यात रॉच्या थोड्याच फ्रेम सलग घेतल्या की आतली तात्पुरती जागा भरते आणि कार्डावर लिहून होईपर्यंत कॅमेरा रखडतो. पहिल्या सामन्यात गोलसमोर नेमके हेच झाले होते. वर्तमानपत्राला संध्याकाळी जाणाऱ्या फोटोसाठी जेपेग पुरतो.

सेकंदाला ३ फ्रेमचे एक वास्तवही याच सामन्यात उमगले. दोन फ्रेममध्ये एक तृतीयांश सेकंद जातो. तेवढ्यात जोरात मारलेला बॉल साडेसहा मीटर निघून जातो. म्हणजे पहिल्या फ्रेममध्ये बॉल पायापाशी असेल तर दुसऱ्यात तो फ्रेमबाहेर. बटण दाबून धरले की कधीतरी नेमका क्षण सापडेल हा हिशेब महागड्या, सेकंदाला २० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यांना लागू आहे. इथे पहिली फ्रेम तुमची, बाकीच्या नशिबाच्या. त्यामुळे बॉलवर पाय पडण्याच्या किंचित आधी बटण दाबावे लागते: हेडरसाठी दोन्ही खेळाडू वर उठू लागले की, फ्री-किकसाठी शेवटचे पाऊल पडले की.

परिणाम: ६४० फोटो, कामाचे ३१. हललेले आणि फोकस चुकलेले ढीग अगदी आटले. पाठमोऱ्यांचा ढीग जशास तसा.

दुसरा बदल: जागा

मैदान उत्तर-दक्षिण आहे. हिवाळ्यात चारनंतर सूर्य नैऋत्येला असतो. म्हणून दक्षिणेकडच्या गोललाइनमागे, पश्चिमेच्या कोपऱ्यात, कॉर्नर फ्लॅग आणि पेनल्टी क्षेत्राची कड यांच्या मध्ये जागा निवडली. रेषेपासून तीन-चार मीटर मागे. इथून जवळचा गोलपोस्ट साधारण २२ मीटरवर, पेनल्टी स्पॉट २८ ते ३० मीटरवर. २५० मिमीला हे अंतर जणू मापाने शिवलेले. सूर्य पाठीमागे, आणि दक्षिणेकडे आक्रमण करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर थेट ऊन.

उभे न राहता एका प्लॅस्टिकच्या छोट्या स्टुलावर बसणे, तेही कॅमेरा खेळाडूच्या कमरेच्या उंचीवर येईल असे. उभे राहून घेतलेल्या फोटोत मागे अर्धे मैदान येते. बसून घेतलेल्यात खेळाडू उंच दिसतो आणि मागे झाडांची कड किंवा प्रेक्षक येतात. टँकर आणि मोटारसायकली कुठे आहेत ते आधी पाहून स्टूल दोन पावले इकडेतिकडे सरकवले की निम्मा कचरा फ्रेममधून जातो.

सामन्याआधी रेफरींना जागा दाखवून विचारले. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: फ्लॅश नाही, स्टूल रेषेच्या जवळ नाही आणि दोन्ही संघांच्या जर्सीच्या रंगाचा टी-शर्ट नाही. लाइन्समनचाही विचार करावा लागतो. प्रत्येक टचलाइनवर एक लाइन्समन मैदानाचा एकच अर्धा भाग सांभाळतो. त्याच टचलाइनचा दुसरा अर्धा भाग मोकळा असतो. गोलमागे जागा नसेल तर तिथे, कोपऱ्याकडे सरकून बसावे.

४५ मीटरपलीकडे काही घडत असेल तर बटणाला हात लावायचा नाही, हा नियम पाळणे सगळ्यात अवघड गेले. मैदानाचा अर्ध्याहून जास्त भाग सोडून द्यायचा आणि वाट बघायची. फोटोंची संख्या ४१० वर आली, कामाचे ४६.

मध्यंतरातला निर्णय

हाफ बदलला की आपला संघ उलट्या दिशेला आक्रमण करतो. आता काय? ऊन पाठीमागे ठेवून दक्षिणेलाच बसावे, की आपल्या संघामागे उत्तरेला जावे? आपल्या कर्णधाराने टॉस जिंकून फोटोसाठी सोयीची बाजू मागावी, असे एका उत्साही पालकांनी सुचवले होते. सर हसले, एवढेच.

दक्षिणेला राहिले तर समोर येतात ते प्रतिस्पर्धी, आणि आपले बचावपटू पाठमोरे. निव्वळ छायाचित्र म्हणून ते चांगले होतील. क्लबच्या कामाचे नाहीत. रेणुका उत्तरेला गेली. पण गेली ती ईशान्य कोपऱ्यात, कारण तिकडे सावली होती आणि पाण्याची कॅन होती. तिथून नैऋत्येच्या सूर्याकडे थेट तोंड. गोलसमोरची धूळ उन्हात पेटल्यासारखी दिसत होती, डोळ्यांना सुरेख. फोकस मात्र धुळीत भटकत राहिला आणि चेहरे काळे.

वायव्य कोपरा घेतला असता तर सूर्य उजव्या बाजूला आला असता. खेळाडूंचे चेहरे तिथेही पुरते उजळत नाहीत, पण एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवला की वाचता येतात आणि खांद्यांवर उन्हाची कड मिळते. पुढच्या सामन्यापासून मध्यंतरात पश्चिमेच्या टचलाइनच्या मागून सरळ वायव्येला जाणे ठरले.

त्याच सामन्यात आणखी एक चूक झाली. ७१ व्या मिनिटाला थ्रो-इनच्या वेळी ती मागचा फोटो कसा आला ते पडद्यावर बघत होती, आणि थ्रोवरून दुसऱ्या टचमध्ये गोल झाला. आता पडदा बघायचा तो फक्त गोलकीपर बॉल घेऊन चालत जाईल तेव्हा किंवा कुणी जखमी होऊन खेळ थांबला तेव्हा. गोल झाल्यावर तर वीसेक सेकंद डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढायचाच नाही. छापण्याजोगा फोटो गोलचा कमी आणि त्यानंतरच्या धावण्याचा जास्त वेळा असतो.

शेवटची वीस मिनिटे

डिसेंबरच्या सुरुवातीला नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि पावणेचारचा सामनाही तेव्हाच संपतो. १/१००० आणि एफ/५.६ धरून ठेवले तर आयएसओ पाचच्या सुमारास ८०० च्या घरात असतो, सव्वापाचनंतर भराभर चढतो आणि शेवटच्या पाचसात मिनिटांत ६४०० ला टेकतो. त्यापुढे फोटो नुसते काळे होत जातात.

ठरलेली पद्धत अशी: आयएसओ ३२०० ला पोहोचला की शटर १/६४०, ६४०० ला पोहोचला की १/५००. त्याखाली नाही. आणि विषय बदलायचे. पळत्या खेळाडूऐवजी हालचाल क्षणभर थांबते त्या जागा: हेडरमध्ये उडीचा सर्वांत वरचा बिंदू, थ्रो-इन घेताना डोक्यामागे गेलेले हात, भिंत लावणारा गोलकीपर, बदली होऊन बाहेर येणारा खेळाडू. उजेड गेल्यावर हट्टाने धावपळीमागे लागण्यापेक्षा यांतून जास्त मिळते.

भाड्याची लेन्स: अंतिम सामना

अंतिम सामना लांबला तर अंधारात जाणार हे दिसत होते, म्हणून त्या एका दिवसासाठी ७०-२०० एफ/२.८ भाड्याने आणली. एफ/२.८ म्हणजे दोन स्टॉप जास्त उजेड. जिथे ६४०० लागला असता तिथे १६००. शेवटच्या वीस मिनिटांतले फोटो आधीच्या कुठल्याही सामन्यापेक्षा स्वच्छ आले, आणि ८४ व्या मिनिटाचा निर्णायक गोल त्यात होता. भाडे तिथेच वसूल झाले.

बाकीच्या सत्तर मिनिटांत मात्र ती लेन्स तोट्याचीच ठरली. २५० च्या जागी २०० मिमी, म्हणजे पोहोच एक पंचमांशाने कमी; ४० मीटरवरचा खेळाडू फ्रेमच्या पाऊण उंचीवरून साठ टक्क्यांच्या खाली आला. सुमारे दीड किलोचे वजन, आणि मोनोपॉड (लेन्सला आधार देणारी एकपायी काठी) आणायचा राहिला. दुसऱ्या हाफपर्यंत डावे मनगट थरथरायला लागले.

गोलनंतर स्कोअरर धावत आला तो थेट तिच्याच कोपऱ्यात, चार मीटरवर. ७० मिमीलाही एवढ्या जवळचा माणूस फ्रेममध्ये मावत नाही. कंबर ते डोके एवढेच येते, आणि अंगावर उड्या मारणारे बाकीचे सगळे बाहेर. रेणुकाने कॅमेरा मांडीवर टाकून खिशातला मोबाइल काढला. बारा जण एकमेकांवर, खाली धूळ, सगळ्यात वर किटवाले काका. क्लबने मोठा करून लावलेला फोटो तोच आहे.

१८-५५ पिशवीत होती. मैदानावर लेन्स बदलायची नाही, हे ती आधीच शिकली होती: नागपूरजवळच्या कामठीच्या सामन्यात धुळीत लेन्स बदलली आणि पुढच्या सगळ्या फोटोंत आभाळात तेच तीन काळे ठिपके. हवेच्या पंपाने सेन्सर (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) साफ झाला, पण तो दिवस गेला. कामठीत प्रेक्षक अगदी रेषेला टेकून असतात आणि गोलमागे पाय ठेवायला जागा नसते; तिथे किमान अर्धा तास आधी जाऊन कोपरा धरावा लागतो. ती दहा मिनिटे आधी पोहोचली होती.

मुलींच्या सामन्यातला प्रश्न

तेरा वर्षांखालील मुलींच्या सामन्याचे फोटो क्लबने नेहमीप्रमाणे सोशल मीडियावर टाकले. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. त्यांना न विचारता मुलीचा फोटो आणि खाली पूर्ण नाव. त्यांचे म्हणणे रास्त होते. क्लबने फोटो लगेच काढला. मग दोन पर्याय निघाले: मुलींचे फोटो टाकणेच बंद करायचे, किंवा नोंदणीच्या अर्जातच पालकांची लेखी संमती घ्यायची. मुली नाराज होतील म्हणून पहिला मागे पडला. आता संमती नसलेल्या मुलींचे जर्सी नंबर सामन्याआधी रेणुकाकडे येतात, आणि सार्वजनिक फोटोखाली अठरा वर्षांखालील कुणाचेही नाव जात नाही. पडल्यावर जर्सी वर सरकलेली, कपडे अस्ताव्यस्त झालेले असे फोटो ती निवडीच्या पहिल्याच फेरीत कायमचे पुसते. कुणी मागायची वाट बघत नाही.

निकाल

मोसमाच्या शेवटी सामन्याला सरासरी चारशेच्या आत फोटो आणि त्यांतले चाळीस-पन्नास कामाचे, अशी घडी बसली. निवडीला आधी रात्रीचे बारा वाजत. आता मैदानावरच मध्यंतरात आणि सामन्यानंतर कॅमेऱ्यातच खूण केलेले तीनचार फोटो सातच्या आत रवाना होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून, कारण फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. लेन्स विकत घेतलेली नाही. सरांचा आग्रह अजून आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या सामन्याआधी एक फेरी नुसती मैदानाभोवती मारली असती, हातात कॅमेरा न घेता, सूर्य कुठे आणि बॉल कुठे जास्त असतो ते बघत, तर दोन रविवार वाचले असते. भाड्याच्या लेन्ससोबत मोनोपॉड यायला हवा होता, आणि त्या दिवशी १८-५५ लावलेला दुसरा कॅमेरा उसना मागता आला असता; लग्नवाल्या फोटोग्राफरकडे तो होता, विचारलेच नाही. किंवा पहिला हाफ स्वतःच्या २५० वर आणि मध्यंतरात गाडीत काच बंद करून लेन्स बदल, हेही जमले असते.

एक चूक छापून आली. उपांत्य सामन्यात दहा नंबरची जर्सी फाटली आणि मध्यंतरानंतर तो खेळाडू एकोणीस घालून उतरला. रेणुकाकडे सामन्याआधी घेतलेला संघाच्या यादीचा फोटो होता. त्यावरून तिने ओळ लिहिली आणि गोल बाकावर बसलेल्या मुलाच्या नावावर गेला. त्याच्या आईने कात्रण जपून ठेवले आहे म्हणतात. त्यानंतर यादीचा फोटो दोनदा घेतला जातो, किक-ऑफआधी आणि दुसरा हाफ सुरू होताना. प्रत्येक गोलनंतर स्कोअररच्या पाठीवरचा नंबर दिसेल अशी एक फ्रेम, मग ती कितीही कुरूप असो. आणि वर्तमानपत्राला पाठवण्याआधी स्कोअररचे नाव व मिनिट संघाच्या मॅनेजरकडून तोंडी पडताळून घेतले जाते.